बेट्टीला कोणी विचारलं होतं का?

गेल्या महिन्यात एक तरुण बाई थायरॉइडचा रिपोर्ट दाखवायला आल्या होत्या. टीएसएच थोडा वाढलेला होता. गोळीचा डोस बदलला, पुढची तारीख लिहून दिली. खुर्चीतून उठता उठता त्यांनी विचारलं, “सर, एक वेगळंच विचारू का? माणसाला इतका राग येऊ शकतो का, की आपण काय केलं हे त्याचं त्यालाच कळू नये?”

त्यांनी ओटीटीवर एक इंग्रजी मालिका पाहिली होती. अमेरिकेतल्या दोन मैत्रिणी, दोघींनाही लहान मुलं, आणि एक दिवस एकीने दुसरीला कुऱ्हाडीने मारलं. “खरी गोष्ट आहे म्हणे, सर.” मी म्हटलं, हो, खरी आहे. बाहेर वीसेक पेशंट बसले होते. “यावर ब्लॉगवर लिहितो एकदा,” असं सांगून मी बेल दाबली. त्या हसल्या आणि गेल्या.

लिहायला बसलो तेव्हा वाटलं होतं, राग, मेंदू आणि भान सुटणं यावर आपला नेहमीचा माहितीचा लेख होईल. तसा तो झाला नाही. का, ते पुढे येईलच.

आधी घटना सांगतो, कारण ज्यांनी मालिका पाहिली त्यांच्या डोक्यात नट-नट्यांचे चेहरे बसलेले असतात. (यावर एक नाही, दोन मालिका आल्या, 2022 आणि 2023 मध्ये. दोन्हींत खून केलेली बाई फार देखणी आणि मरण पावलेली बाई जरा किरकिरी वाटते. हे लक्षात ठेवा, त्याबद्दल मला बोलायचं आहे.)

टेक्सास राज्यात डॅलस शहराच्या उत्तरेला कॉलिन काउंटी नावाचा भाग आहे. 1970 च्या दशकात तिथे इलेक्ट्रॉनिक्स कंपन्या वाढल्या आणि तरुण इंजिनियर कुटुंबं शहर सोडून गावाकडे मोठी घरं घेऊन राहू लागली. आपल्याकडे हिंजवडी-वाकडला जे झालं तसंच काहीसं. नवरे सकाळी कामावर, बायका मुलांसह घरी, शेजार विरळ. लोकांना एकत्र आणणारी जागा एकच, चर्च. लुकास इथल्या मेथडिस्ट चर्चमध्ये कँडी माँटगोमेरी आणि बेट्टी गोर यांची ओळख झाली. कँडी बोलकी, सगळ्यांत मिसळणारी, दोन मुलांची आई. बेट्टी शाळेत शिक्षिका, जरा गंभीर, एका मुलीची आई. मुलं एकमेकांच्या घरी खेळायची, रात्री राहायची. आणण्या-पोचवण्याचं काम दोघी वाटून घ्यायच्या. लहान मुलांच्या आयांची मैत्री अशीच होते. आपण निवडलेली मैत्रीण म्हणावी तर तसं नाही, पण दिवसभरात मोठ्या माणसाशी दोन वाक्यं बोलायला मिळावीत म्हणून जी जवळ असते ती जवळची होते.

1978 च्या डिसेंबरपासून कँडीचे आणि बेट्टीच्या नवऱ्याचे, अॅलनचे, संबंध सुरू झाले. ते जवळजवळ दहा महिने चालले. त्याच काळात बेट्टी दुसऱ्यांदा गरोदर होती आणि 1979 च्या जुलैत तिला दुसरी मुलगी झाली. नंतर अॅलन आणि बेट्टी चर्चच्या एका दांपत्य-शिबिराला जाऊन आले, आणि संबंध संपले. मैत्री वरवर चालूच राहिली.

13 जून 1980, शुक्रवार. अॅलन कामानिमित्त मिनेसोटाला गेला होता. बेट्टीची मोठी मुलगी आदल्या रात्री कँडीकडे राहिली होती. तिचा पोहण्याचा पोशाख घ्यायला कँडी सकाळी वायली गावातल्या बेट्टीच्या घरी गेली. पुढचं जे आहे ते फक्त कँडीच्या तोंडून आलेलं आहे. बेट्टीने विचारलं, तुझे माझ्या नवऱ्याशी संबंध आहेत का? आधी नाही, मग ‘होते, पण संपले’ असं उत्तर. बेट्टी आत जाऊन कुऱ्हाड घेऊन आली. झटापट झाली, कुऱ्हाड कँडीच्या हातात आली. तिने सोडून देण्याची विनवणी केली, बेट्टी ‘शू’ म्हणाली, आणि कँडीचं भान गेलं. बेट्टीच्या शरीरावर 41 घाव होते.

कँडीने तिथेच अंघोळ केली, चर्चमध्ये मुलांच्या शिबिराला परत गेली आणि दिवसभर नेहमीसारखी वागली. अॅलन मिनेसोटाहून फोन करत होता, कोणी उचलत नव्हतं. त्याने कँडीलाही फोन केला. शेवटी रात्री उशिरा शेजाऱ्यांना घरात शिरायला सांगितलं. आत पाळण्यात अकरा महिन्यांची मुलगी होती, जवळजवळ तेरा तास एकटी.

मालिकेत हा भाग काही सेकंदांत उरकतो. मी मात्र तिथेच अडकलो. अकरा महिन्यांचं नऊ किलोचं बाळ दिवसभरात साधारण 900 मिलिलीटर पाणी, दूध असं पोटात घेतं. तेरा तासांत निम्म्याहून जास्त गरज राहून जाते. आधी बाळ जोरात रडतं, मग घसा बसतो, मग थकून झोपतं, पुन्हा उठून रडतं. लंगोट भिजलेला, तोंड कोरडं. त्यानंतर जे गप्प होणं असतं ते आम्हा डॉक्टरांना रडण्यापेक्षा जास्त घाबरवतं. ती मुलगी वाचली.

खटला त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये चालला. कँडीचा वकील डॉन क्राउडर मुख्यतः दिवाणी दावे चालवणारा. बचाव होता स्वसंरक्षणाचा. ज्युरीत नऊ बायका आणि तीन पुरुष होते. त्यांनी कँडीला निर्दोष ठरवलं. न्यायालयाचा निर्णय तो आहे आणि त्यावर शंका घेण्याचं माझं काम नाही. त्या खटल्यात मानसशास्त्र म्हणून जे मांडलं गेलं त्याबद्दल मात्र बोलता येईल.

आता त्या बाईंच्या प्रश्नाकडे येतो. रागात भान सुटतं का?

सुटतं. याला डिसोसिएशन म्हणतात. मन आणि घडणारी गोष्ट यांतली जोडणी थोड्या वेळासाठी सैल होते. सौम्य रूप तुम्ही सगळ्यांनी अनुभवलं आहे. रोजच्या रस्त्याने गाडी चालवत घरी पोचता आणि मधला सिग्नल लागला होता का हे आठवत नाही. तीव्र रूप अपघातातल्या लोकांकडून ऐकायला मिळतं. “डॉक्टर, सगळं सावकाश होत होतं,” “मी जणू बाजूला उभं राहून बघत होतो.” जीवावर बेतलं की अॅड्रिनॅलिनचा लोंढा येतो, छाती धडधडते, नजर एका गोष्टीवर खिळते. मेंदूचा विचार करून आवरणारा पुढचा भाग मागे पडतो. आठवणी साठवण्याचं कामही विस्कळीत होतं. म्हणून नंतर काही तुकडे लख्ख आठवतात आणि काही जागा कोऱ्या राहतात. हे खोटं नसतं.

पण एक लक्षात घ्या. डिसोसिएशन म्हणजे अंगात येणं नव्हे. बाहेरून कोणी येऊन हात चालवत नाही. आणि ते झालं होतं की नव्हतं, हे नंतर तपासायला ना रक्ताची चाचणी आहे, ना स्कॅन. जो सांगतो त्याच्या सांगण्यावरच सगळं.

ज्यात माणसाला खरोखर शुद्ध नसते आणि तो अंगावर धावून जातो, अशी कारणं आम्हा फिजिशियन मंडळींना रोज भेटतात आणि ती फार साधी असतात. इन्सुलिन घेऊन जेवायला विसरलेले, साखर 45 वर आलेले अतिशय सज्जन गृहस्थ मी स्वतःच्या मुलाची कॉलर धरताना पाहिले आहेत. ग्लुकोज दिल्यावर दहा मिनिटांत ते माफी मागत होते आणि कशाबद्दल ते त्यांना माहीत नव्हतं. फिट येऊन गेल्यावरची भ्रमिष्ट अवस्था, दारू, म्हाताऱ्या माणसात लघवीचं इन्फेक्शन किंवा सोडियम कमी होणं, ही त्याच यादीतली. घरात असं कोणी अचानक वागलं तर आधी साखर तपासा, भांडण नंतर.

कँडीला डॉ. फ्रेड फेसन या मानसोपचारतज्ज्ञांनी संमोहनाखाली नेलं. तेव्हा तिला चार वर्षांची असतानाचा प्रसंग ‘आठवला’. ती जखमी झाली होती, रडत होती, आणि आई ‘शू’ म्हणून गप्प करत होती. तो दाबलेला राग सव्वीस वर्षांनी बेट्टीच्या ‘शू’ने बाहेर आला, अशी मांडणी झाली. गोष्ट म्हणून ती ऐकणाऱ्याच्या मनात फार पटकन बसते. आणि मला नेमकी त्याचीच भीती वाटते.

आठवण म्हणजे मोबाईलमधला व्हिडिओ नव्हे. दर वेळी आठवताना मेंदू ती नव्याने रचतो. संमोहनात माणूस सुचवलेलं पटकन स्वीकारतो, त्यामुळे आठवण जास्त खरी होत नाही, फक्त त्याचा स्वतःचा तिच्यावरचा विश्वास वाढतो. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने 1985 मध्येच संमोहनाने ‘ताज्या’ केलेल्या आठवणींवर भरवसा ठेवू नये असं मत दिलं. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये, संमतीशिवाय नार्को किंवा पॉलिग्राफ चाचणी करता येणार नाही असा निर्णय दिला, त्यात या चाचण्यांच्या विश्वासार्हतेचाही ऊहापोह आहे. टीव्हीवर ‘नार्को केली की सत्य बाहेर येईल’ असं ऐकलं की मला हसू येतं. बाहेर येतं ते सत्यच असेल असं काही नाही.

म्हणून बालपणीच्या ‘शू’बद्दल माझं मत एवढंच. असेलही, नसेलही. पण त्या एका ‘शू’भोवती सगळी चर्चा फिरते आणि जिला उत्तर देता येत नव्हतं ती बाई गोष्टीतून निघून जाते.

बेट्टीबद्दल नंतर जे छापून आलं त्यात एक धागा वारंवार सापडतो. बाळंतपणानंतर तिला उदासीनतेने घेरलं होतं. एकटं राहण्याची तिला भीती वाटायची. नवऱ्याच्या कामाच्या दौऱ्यांचा तिला धसका असायचा. अंग दुखणं, बरं नसणं चालू असायचं. त्या शुक्रवारी सकाळीही, आपल्याला पुन्हा दिवस गेलेत की काय या धास्तीत ती होती, आणि अॅलन निघाला होता विमान पकडायला. घरी ती आणि अकरा महिन्यांचं बाळ.

मालिकेत हे सगळं ‘किरकिरी बायको’ या रूपात दिसतं. माझ्या डोळ्यांना ती पेशंट दिसते.

इथे एक गोष्ट ठासून सांगतो, नाहीतर या लेखाचा उलटा अर्थ निघेल. बेट्टीला डिप्रेशन होतं, म्हणून तिने कुऱ्हाड उचलली असेल, असं मी अजिबात म्हणत नाही. कुऱ्हाड कोणी उचलली हे सांगणारी एकच व्यक्ती आहे. आणि डिप्रेशन असलेली बाई दुसऱ्यावर हल्ला करते ही समजूत चुकीची आहे. ती जिवावर उठलीच तर बहुतेक वेळा स्वतःच्या. माझा मुद्दा वेगळा आहे. त्या अकरा महिन्यांत तिच्या डॉक्टरने, चर्चमधल्या बायकांनी, नवऱ्याने, कोणी तिला समोर बसवून विचारलं होतं का, की तुला कसं वाटतंय?

त्या काळाला थोडी सूट द्यायला हवी. अमेरिकन मानसोपचाराच्या अधिकृत वर्गीकरणात ‘प्रसूतीनंतर सुरू झालेलं’ अशी नोंद करण्याची सोय 1994 मध्ये आली. फ्लुऑक्सेटिनसारखी आजची औषधं 1980 मध्ये बाजारात नव्हती. प्रसूतीनंतरच्या डिप्रेशनसाठी दहा प्रश्नांची एडिनबर्ग प्रश्नावली 1987 ची. आज हे सगळं आपल्या हाताशी आहे, त्यामुळे आपल्याला ती सूट नाही.

बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच रडू येणं, चिडचिड, हे निम्म्याहून जास्त बायकांना होतं आणि दोन आठवड्यांत जातं. त्याला औषध लागत नाही, झोप आणि आधार लागतो. दोन आठवड्यांनंतरही उदासी राहिली, किंवा महिन्या-दोन महिन्यांनी नव्याने आली, तर ते डिप्रेशन समजून तपासायचं. ते पहिल्या वर्षात केव्हाही सुरू होऊ शकतं. भारतातल्या 38 अभ्यासांची एकत्र बेरीज 2017 मध्ये प्रसिद्ध झाली, त्यात हे प्रमाण 22 टक्के निघालं. म्हणजे पाचांत एक. तुमच्या सोसायटीच्या बागेत संध्याकाळी बाबागाड्या घेऊन बसलेल्या बायका मोजून पाहा.

आपल्या शेजारच्या गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 23 टक्के मातांना प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी डिप्रेशन होतं. त्यांतल्या बहुतेकींना गरोदरपणातच त्रास सुरू झाला होता, आणि निम्म्याहून अधिक सहा महिन्यांनीही आजारीच होत्या. कारणांत पैशाची ओढाताण, नवऱ्याशी बिघडलेले संबंध आणि मुलगी होणं हेही होतं. मुलगी झाली म्हणून आईला डिप्रेशन! हे आपणच तिला देतो.

आणि ही बाई दवाखान्यात येऊन ‘मला उदास वाटतं’ असं म्हणत नाही. ती म्हणते कंबर दुखते. डोकं दुखतं. छातीत धडधडतं. दूध येत नाही. केस गळतात. बाळ झोपल्यावरसुद्धा झोप येत नाही, हे मात्र नीट ऐका, कारण बाळ झोपू देत नाही आणि बाळ झोपलं तरी झोप लागत नाही या दोन फार वेगळ्या तक्रारी आहेत.

हा फरक मी पुस्तकातून शिकलो नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी एक मुलगी, मुलगीच म्हणतो, सव्वीसची होती, तीनदा माझ्याकडे आली. कंबरदुखी, थकवा, झोप नाही. बाळ तीन महिन्यांचं. तिसऱ्या वेळी झोपेचं बोलली तेव्हा मी म्हणालो, “अगं, बाळ लहान असताना कोणाला झोप मिळते?” सोबत आलेल्या सासूबाई हसल्या, मीही हसलो, ती पण हसली. लोह, कॅल्शियम, बी-12 ची इंजेक्शनं लिहून दिली. सव्वा महिन्याने तिला रात्री हॉस्पिटलमध्ये आणलं. तिने जीव द्यायचा प्रयत्न केला होता. आठ दिवस आयसीयूत होती. वाचली.

तिसऱ्या दिवशी शेजारची तिची मैत्रीण मला जिन्यात भेटली. कडेवर स्वतःचं वर्षाचं पोर. म्हणाली, “डॉक्टर, मला माहीत होतं. ती मला म्हणायची, मी नसले तर सगळ्यांचं बरं होईल. पण कोणाला सांगणार नाही अशी तिने माझ्याकडून शपथ घेतली होती.” सहा आठवडे त्या पोरीने ते एकटीने सांभाळलं होतं. मला तिचा राग आला नाही. तिला निदान माहीत होतं. मला तीन भेटींत कळलं नव्हतं, आणि माझ्या नावापुढे एमडी आहे.

या दोन मैत्रिणींचा विचार माझ्या मनात कँडी-बेट्टीच्या शेजारी उभा राहतो. एका मैत्रीत पोटात विश्वासघात होता, दुसरीत जिवाभावाची निष्ठा. दोन्हीकडे जी गोष्ट बोलायला हवी होती ती दाबून ठेवलेली. दुसऱ्या ठिकाणी जीव जाता जाता राहिला तो केवळ नशिबाने. म्हणून तरुण आयांना माझं सांगणं आहे, मैत्रिणीचं गुपित जरूर पोटात ठेवा. सासू कशी आहे, नवरा काय म्हणाला, पैसे कुठे लपवलेत, सगळं. पण ‘मी नसले तर बरं’, ‘बाळासकट कुठेतरी निघून जावंसं वाटतं’, हे गुपित नसतं. ते तिच्या घरातल्या समजूतदार माणसाला आणि डॉक्टरला सांगायचं, त्याच दिवशी. ती चिडेल, बोलायची बंद होईल. होऊ दे.

आणि विचारायला घाबरू नका. ‘जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का?’ असं विचारल्याने डोक्यात नसलेला विचार येतो, ही भीती खोटी आहे. विचारल्यावर बऱ्याचजणी रडतात आणि सुटल्यासारखं वाटलं म्हणतात. ‘बाळ किती गोड आहे, तू नशीबवान आहेस’ हे वाक्य मात्र काही दिवस बंद ठेवा. जिला बाळाकडे पाहून काहीच वाटत नाही तिच्यासाठी ते वाक्य शिक्षा असतं.

व्हॉट्सअॅपवरच्या मातांच्या ग्रुपबद्दल मला बायका विचारतात. ग्रुप वाईट नाहीत. रात्री तीन वाजता कोणीतरी जागं आहे हे कळणंही औषध आहे. पण तिथे सगळ्यांची बाळं वेळेवर पालथी पडतात आणि सगळ्यांना भरपूर दूध येतं. ज्या ग्रुपमधून बाहेर पडल्यावर आपण आणखी वाईट आई आहोत असं वाटतं, तो ग्रुप म्यूट करा. बाराशे सभासदांपेक्षा घरी येऊन अर्धा तास बाळ धरणारी एक मैत्रीण मोठी. हे माझं भावनिक मत नाही. गोव्यातच पुढे एक प्रयोग झाला. गावातल्याच साध्या अनुभवी बायकांना थोडं प्रशिक्षण देऊन डिप्रेशन असलेल्या गरोदर बायकांकडे पाठवलं, त्यांच्याशी बोलायचं, साधे उपाय समजावायचे. त्यांना नाव दिलं होतं ‘सखी’. 2019 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. लक्षणांच्या सरासरी तीव्रतेत फार मोठा फरक दिसला नाही हे प्रामाणिकपणे सांगायला हवं, पण सहा महिन्यांनी पूर्ण बऱ्या झालेल्या बायकांचं प्रमाण सखी भेटलेल्या गटात जास्त होतं. डॉक्टर, गोळ्या, हॉस्पिटल यांशिवाय. अर्थात आजार मध्यम किंवा तीव्र असेल तर सखी पुरत नाही, औषध लागतं. अंगावर पाजतानाही घेता येतील अशी औषधं आहेत, सर्ट्रालिन त्यांतलं एक, आणि ‘दूध बंद करावं लागेल’ या भीतीने उपचार टाळू नका. सोबत हिमोग्लोबिन आणि थायरॉइड पाहून घ्यावं, प्रसूतीनंतर थायरॉइड बिघडूनही मन खचतं.

थायरॉइड. हे वाक्य लिहिताना माझा हात थांबला.

सुरुवातीला सांगितलेल्या बाईंचा केसपेपर मी दुसऱ्या दिवशी काढून पाहिला. वर कोपऱ्यात माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, ‘बाळ 5 महिने’. टीएसएच बघितला होता, डोस बदलला होता, वजन लिहिलं होतं. ‘झोप कशी आहे’ विचारलं नव्हतं. बाईंनी मालिकेबद्दल विचारलं आणि मला वाटलं, त्या मालिकेबद्दलच विचारताहेत.

फोन केला. म्हटलं, तुम्ही त्या दिवशी जे विचारलंत त्याचं नीट उत्तर द्यायचं राहिलं, उद्या दुपारी दोनला या, तेव्हा गर्दी नसते. आल्या. (हे सगळं त्यांच्या परवानगीने लिहितो आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) दहा मिनिटं इकडचं तिकडचं झालं. मग म्हणाल्या, बाळाला घेऊन गॅलरीत उभं राहवत नाही. मनात येतं, हातातून सुटलं तर? मग येतं, मीच सोडलं तर? भाजी चिरताना बाळ समोर असलं की सुरी उलटी ठेवते. मालिका पाहिल्यापासून वाटतं, त्या बाईसारखं आपलंही भान गेलं आणि आपण काही केलं तर? महिनाभर त्या गॅलरीचं दार लावून ठेवत होत्या. नवऱ्याला सांगितलं होतं, डास येतात.

असे विचार खूप नव्या आयांच्या मनात येऊन जातात, आणि जवळजवळ कोणीच ते बोलत नाही. विचार नकोसा वाटतो, त्याची भीती वाटते, तो टाळायला आपण दार लावतो, सुरी लपवतो, याचा अर्थ मन बाळाचं रक्षणच करतं आहे. अशा विचारांनी आई बाळाला इजा करत नाही. याउलट, फार क्वचित, हजारांत एक-दोन बाळंतिणींना, बहुधा पहिल्या दोन-तीन आठवड्यांत, वेगळाच आजार होतो. झोप पूर्ण उडते, आवाज ऐकू येतात, बाळ बदललेलं आहे किंवा बाळात काहीतरी शिरलं आहे अशी खात्री पटते, बोलणं असंबद्ध होतं. तिथे तिला त्या विचाराची भीती वाटत नाही, तो खरा वाटतो. ही इमर्जन्सी आहे, त्याच रात्री हॉस्पिटल, आणि तोवर आई-बाळाला एकटं सोडायचं नाही. यात ‘बाहेरचं’ काही नसतं, मांत्रिकाकडे गेलेले दोन दिवस महागात पडतात.

मी त्यांना एडिनबर्गचे दहा प्रश्न विचारले. जिवाबद्दलच्या दहाव्या प्रश्नाला उत्तर ‘कधीच नाही’ असं आलं, तेव्हा माझाही श्वास मोकळा झाला. बाकीचे गुण मात्र जास्त होते. त्यांना म्हटलं, तुम्ही कँडी नाही आणि बेट्टीही नाही, तुम्हाला उपचाराने बरा होणारा आजार आहे. मानसोपचारतज्ज्ञांना माझ्यासमोरच फोन लावला आणि दुसऱ्या दिवशीची वेळ घेतली. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन 14416 आहे, मोफत आणि चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. तो नंबर केसपेपरवर मोठ्या अक्षरात लिहून दिला.

बाळ कुठे आहे, विचारलं. म्हणाल्या, खाली, मैत्रिणीच्या गाडीत, तिच्याजवळ. “तिला माहीत आहे?” त्या म्हणाल्या, “नाही सर. तिला सांगितलंय, थायरॉइडसाठी चाललेय.” मग थोडा वेळ टेबलावरच्या बीपीच्या मशीनकडे बघत बसल्या आणि म्हणाल्या, “बोलवू का तिला वर?”